इब्राहीम मिस्त्रींचा उजवा कान

पैठण रस्त्याला, चितेगावच्या अलीकडं, इब्राहीम मिस्त्रींचं पत्र्याचं शेड आहे. फोर बाय फोर जीप बिघडली की लोक वैजापूरहूनसुद्धा त्यांच्याकडं येतात. मिस्त्री कुठलाही नट ढिला करण्याआधी लांब पेचकस उचलतात. त्याचं टोक गिअरबॉक्सला टेकवतात, मूठ उजव्या कानामागच्या हाडाला लावतात आणि डोळे मिटून घेतात. त्या वेळी कोणी बोललं तर नुसता हात वर करतात. मग सांगतात, बेअरिंग गेलंय की दाते झिजलेत.

गेल्या उन्हाळ्यापासून हाच कान दगा द्यायला लागला. आधी कुकरच्या शिट्ट्या गेल्या, मग फोनची घंटा. डावा तर जुनाच मंद, जवळचं बोलणं तेवढं कळायचं. मिस्त्रींनी कुणाला सांगितलं नाही. त्यांच्या बायकोला, वहिदाला, न सांगताच कळलं. पण कळल्याचं तिनं दाखवलं नाही.

अशात जुन्या गिऱ्हाइकाची, सांडूची, जीप आली. सांडूचं रान जायकवाडीच्या पाण्याकाठी, सगळं गाळाचं. चारी चाकांना जोर असल्याशिवाय तिथं गाडी निघत नाही.

"मिस्त्री, डांबरावर लई घरघरती. वळवताना तर कुणी मागनं धरून ठेवल्यागत करती."

मिस्त्रींनी जीप फिरवून आणली, पेचकस लावला. काहीच ऐकू आलं नाही. तसं सांगायला जीभ रेटेना. त्यांनी पुढच्या धुऱ्याचा गोळा, म्हणजे डिफरन्शियल, उघडला, धडधाकट दिसणारं बेअरिंग बदललं आणि गाडी दिली. थोड्याच दिवसांत सांडू परत दारात. मग चारी चाकांना जोर वाटून देणारी पेटी उघडली. दाते शाबूत. तरी सांडू पुन्हा आलाच.

"तेच रडगाणं, मिस्त्री! आमच्या म्हशीलाबी ऐकू जातंय. तुमचा कान काय जत्रंत हरवला?"

चहा पीत बसलेली माणसं हसली. मिस्त्रीही हसले. सांडू समोरच्या हॉटेलात जेवायला गेला, तेव्हा मात्र ते जीपच्या टपाला धरून तसेच उभे राहिले. वहिदा डबा घेऊन आली तरी हलले नाहीत.

"उद्यापासून शेड बंद," ते म्हणाले.

"आधी जेवून घ्या."

"आवाज सगळ्यांना येतो, वहिदा. मला येत नाय. लोकांच्या चांगल्या गाड्या फोडायला लागलोय मी. उद्या एखाद्याचं चाक निखळंल घाटात." त्यांनी जीपचं दार उघडलं. "बस गाडीत. तू ऐकून सांग. एवढी गाडी सुधरली तर ठीक, नायतर संपलं."

इतक्या वर्षांत वहिदा गिऱ्हाइकाच्या गाडीत कधी बसली नव्हती. पदराला हात पुसून ती बसली. मिस्त्रींनी बिडकीनच्या दिशेनं जीप काढली. त्यांचं लक्ष रस्त्यापेक्षा तिच्या तोंडाकडं.

"वाजतंय?"

"नाय."

"वळवतो. आता?"

"काहीच नाय वाजत ओ."

मिस्त्रींनी गाडी कडेला घेतली आणि कपाळ स्टेअरिंगवर टेकलं. "माझी समजूत काढू नको. आज तरी खरं सांग."

"अल्लाकसम, नाय वाजत."

एक ट्रक हॉर्न देत शेजारून गेला. मिस्त्रींनी सावकाश डोकं वर केलं. वहिदा नवऱ्याचं मन राखायला गप्प बसेल, विषय बदलेल. पण खोटी शपथ ती मेली तरी घेणार नाही. म्हणजे आवाज नव्हताच. मग सांडूला कुठून येत होता?

परत आल्यावर त्यांनी सांडूला चालवायला बसवलं. स्वतः शेजारी बसले, वहिदा मागं.

"घरनं येतोस तशी चालव."

"तशी म्हंजे?" सांडूचा चेहरा उतरला.

"तशी म्हंजे तशी!"

सांडूनं ओशाळून गिअरशेजारचा छोटा दांडा ओढला. एरवी मागची दोनच चाकं ओढतात, आता चारी जोडली गेली. पावसाळ्यात दांडा न ओढताच व्याह्यांना गाडीत घेऊन तो गाळात रुतला होता. व्याह्यांनी धोतर खोचून ढकललं. त्या लाजेपायी तेव्हापासून तो दांडा कधी सोडवतच नव्हता, डांबरावरसुद्धा. पण 'डांबरावर चाकं घसरत नायत, दाते एकमेकांत आवळतात. तिथं चारी चाकं जोडशील तर माझ्या दारात येऊ नको,' असं मिस्त्रींनी त्याला मागं चारचौघांत झापलं होतं. म्हणून शेड दिसायच्या आधी, आवळलेले दाते सैल करायला गाडी थोडी मागं घेऊन तो गुपचूप दांडा सोडवायचा. दुखणं वाटेवर ठेवूनच तो मिस्त्रींकडं येत होता.

जीप वळली. मागं वहिदानं सीट घट्ट धरली. "आता वाजतंय! केवढं वाजतंय!"

मिस्त्रींना काहीच ऐकू आलं नाही. त्यांनी दांड्यावर तळहात ठेवला. थरथर कोपरापर्यंत चढली. गाडीचं दुखणं कळलं आणि कानाचंही. आता कानाबद्दल शंका धरायला जागा उरली नव्हती.

"चूक झाली, मिस्त्री. शिव्या घाला," सांडू म्हणाला. "पण ऐकलं ना?"

"ऐकलं की त्यांनी," वहिदा घाईनं म्हणाली.

"नाय ऐकलं," मिस्त्री म्हणाले. "हाताला कळलं. माझा कान गेलाय, सांडू."

सांडूनं जीप कडेला घेतली. समोरच्या काचेवरची धूळ तो बाहीनं पुसायला लागला.

"वहिदा, कसं वाजत होतं?" मिस्त्रींनी मागं न बघता विचारलं.

तिनं विचार केला. "कोरड्या पाट्यावर वरवंटा ओढतात ना, तसं. वळताना जास्त."

मिस्त्रींनी डोळे मिटले. तळहात दांड्यावरच होता.

"सांडू, पुन्हा वळव. हळू. आणि तू सांगत राहा, वहिदा. मोठ्यानं सांग."