इंजिनाची ईनबाई

आमच्या साडूभाऊंना अनोळखी वाटेल असा माणूस अजून जन्माला यायचा आहे, आणि आलाच तर त्याच्या बारशाच्या पंगतीत साडूभाऊ पहिल्या रांगेत बसलेले असतील. खामगावात त्यांचं सरकी-ढेपेचं दुकान आहे, पण तो निव्वळ जोडधंदा. मुख्य व्यवसाय नाती काढण्याचा. समोर कोणीही येवो, गिऱ्हाईक, पोस्टमन, चुकून दारात आलेला विम्याचा एजंट, साडूभाऊंचा पहिला प्रश्न ठरलेला: "कोन्या गावचे तुमी?" मग गाव, मग आईचं गाव, मग आजोळ, मग आत्याचं सासर, असा नांगर फिरत फिरत शेवटी कुठंतरी फाळ अडकतोच. "मंग तुमी तं आमचे पाव्हनेच झाले ना!" हे वाक्य आलं की समजायचं, आता चहा. हा प्रश्न आपल्याकडे लोक कशासाठी विचारतात ते काही लपलेलं नाही. उत्तर मिळालं की पुष्कळ जण खुर्ची मागं घेतात. साडूभाऊ खुर्ची पुढं ओढतात. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्यांचे बाकीचे सगळे छळ सोसत आलो आहे.

आणि छळ थोडे नाहीत. हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळी टेबलावर आडवं झाल्यावर त्यांनी भुलीच्या डॉक्टरणीला गाव विचारलं. ती बिचारी उत्तर देईपर्यंत साडूभाऊ गाढ झोपले. तासाभरानं शुद्धीवर आले तेव्हा ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझी मोठी मेव्हणी, डोळ्यांत पाणी आणून उशाशी उभी होती. तिच्याकडे ढुंकूनही न बघता ते म्हणाले, "मंग? कोन्या गावचे म्हनले बाई तुमी?" त्या डॉक्टरणीचं आजोळ मोताळ्याकडचं निघालं. तिच्या लग्नाला साडूभाऊ सहकुटुंब नागपूरला जाऊन आले. त्यांचं ऑपरेशन झालं हे बहुतेकांना त्या लग्नातच कळलं.

अशा माणसाला गाडी लागणारच. कोणाचं लग्न, कोणाची तेरवी, कोणाला दवाखान्यात न्यायचं. साडूभाऊंची टर्बो डिझेल गाडी जिल्हाभर फिरायची. त्या टर्बोचा त्यांना भारी अभिमान. "चढावर मांगून कोनी ढकलून राह्यलं असं वाटते," म्हणायचे. एका दुपारी बोथ्याच्या घाटात ते ढकलणारं कोणी एकाएकी थकलं. आधी शिट्टीसारखा बारीक आवाज, मग निळ्या धुराचा लोट, मग एक खणकन् दणका, आणि गाडी उभी. मी शेजारीच बसलो होतो. साडूभाऊ खाली उतरले, बोनेटकडे क्षणभर पाहिलं, आणि मागं थांबलेल्या ट्रकवाल्याला विचारलं, "कोन्या गावचे?" त्याच ट्रकवाल्यानं आम्हाला ओढून खामगावला आणलं.

गाडी गेली उस्तादांच्या गॅरेजात. उस्तादांचे आजोबा देऊळघाटचे आणि साडूभाऊंच्या आईचं माहेरही देऊळघाट, त्यामुळे वयानं पंधरा वर्षांनी लहान असलेल्या उस्तादांना साडूभाऊ 'मामू' म्हणतात. मामू तोंडाचे तिखट. इंजिन उघडून त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, "भाऊ, तुमच्या पाव्हन्यांनी मारलं हे इंजिन." झालं होतं ते असं. टर्बो आत तापून भणभण फिरत असतो. गाडी थांबवल्यावर इंजिन थोडा वेळ तसंच चालू ठेवावं लागतं, म्हणजे तेल फिरून तो निवतो. साडूभाऊंना रस्त्यात ओळखीचं माणूस दिसलं रे दिसलं की किल्ली बंद आणि पाय खाली. तेल आतल्या आत जळून त्याची काजळी नळीत बसली, टर्बोला तेल मिळेना, पाती तुटली, तुकडे आत गेले, पिस्टन खरवडले, क्रँकही कामातून गेली. आता दोनच रस्ते होते. हेच इंजिन दुरुस्त करून पुन्हा बांधायचं, नाहीतर भंगारात गेलेल्या गाडीचं चांगलं इंजिन आणून बदलायचं. "बांधलं तं महिना लागन आन् घाटात काय करन ते मी सांगू शकत नाई," मामू म्हणाले. "बदललं तं आठवड्यात गाडी रोडवर. आरटीओत नंबर चढवा, मोकळे व्हा."

एरवी साडूभाऊंनी या निर्णयावर वर्षभर चहा प्याला असता. पण लेक पुण्याला, सातव्या महिन्यात, आणि पहिलं बाळंतपण माहेरी. तिथल्या डॉक्टरणीनं सांगितलं होतं, आणायचं तर याच पंधरवड्यात. जावयानं सुचवलं, मी आणून सोडतो. नाहीतर आगगाडी आहेच. साडूभाऊंनी फोन ताईकडे दिला आणि पाठ फिरवून बसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "साडूभाऊ, पोरगी लगनात निंगाली तवा मी रडत बसलो, पोचवाले गेलो नाई. आनाले तरी मलेच जाऊ द्या." हे ते हसत म्हणाले, पण आगगाडीचा विषय तिथंच संपला.

म्हणजे इंजिन बदलायचं, हे ठरल्यातच जमा होतं. अकोल्याच्या भंगारवाल्याकडे त्याच मॉडेलचं इंजिन मिळालंसुद्धा. आणि इथं साडूभाऊ अडले. इंजिन कोणाच्या गाडीतलं? मालक कोण, गाव कोणतं, स्वभाव कसा? भंगारवाला फोनवर म्हणाला, "साहेब, इंजिनाले गाव नसते, नंबर असते." साडूभाऊ काही ऐकेनात. "ज्याच्या भरोशावर दोन जिवाची लेक घाटातून आनाची, त्याचं घरदार नाई पाहाचं?" मामूंनी पाना आपटला. "भाऊ, तुमाले इंजिन पाह्यजे का स्थळ?" मी हळूच ताईला म्हटलं, जावयाची एवढी चौकशी केली होती का? ताई म्हणाली, "कुठून करतील? पोरीनं ठरवून सांगितलं, यायनं मान हलवली. तवाची राह्यलेली चौकशी आता निंगून राह्यली."

अखेर भंगारवाला कंटाळला. गाडी दुसरबीडची होती, एवढं सांगून त्यानं फोन ठेवला. दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं एसटीनं दुसरबीडला. हॉटेलात एक चहा होईपर्यंत साडूभाऊंनी घर शोधलं. रस्त्याला लागूनच घर. मालक शेतीखात्यातून निवृत्त झालेले, गेल्या साली वारले होते. गाडी दाराशी नुसती उभी असायची. सोयाबीनचा ट्रक मागं घेताना तिच्यावर चढला. मागचा सगळा भाग चेपला, इंजिनाला ओरखडा नाही. मुलगा बाहेरगावी, त्यानं गाडी भंगारात दिली. हे सगळं सांगताना काकू, म्हणजे त्या मालकांच्या पत्नी, दारातल्या मोकळ्या जागेकडे बघत होत्या. तिथं अजून तेलाचा डाग होता.

"चालवायचे कसे?" साडूभाऊंनी विचारलं.

"लई सावकाश. घरी आले तरी लगेच बंद करायचे नाहीत. मी म्हणायचे, अहो, डिझेल कामून जाळू लागले? तर म्हणायचे, थांब, निवू दे त्याला. तवर मी चहा टाकायचे. वळणावर आले की मला आवाजच कळायचा ना."

साडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मुलाकडच्यांना मुलगी पसंत पडल्यावर येतं तसं समाधान त्यांच्या तोंडावर पसरलं होतं. पोह्यांची बशी खाली ठेवून त्यांनी हात जोडले. "तुमच्या घरचं आमच्या घरी येऊन राह्यलं, म्हनजे सोयरीकच झाली. आजपासून तुमी आमच्या ईनबाई." आमच्या वऱ्हाडात विहीणबाईला ईनबाई म्हणतात. काकू आधी गोंधळल्या, मग पदर तोंडाला लावून हसल्या. नवरा गेल्यापासून त्या अशा हसल्या नव्हत्या, असं शेजारीण नंतर म्हणाली. अर्थात शेजारणीचं आजोळही तोवर निघालं होतंच.

इंजिन बसलं. मामूंनी सुरू करून दाखवलं तेव्हा साडूभाऊंनी बोनेटवर हळदकुंकू वाहिलं आणि मामूंना पेढा दिला. पेढा खातखात मामू म्हणाले, "आता पाव्हना दिसला तं आधी याले निवू द्या, मंग उतरा. आईची कसम घ्या." साडूभाऊंनी घेतली.

पुण्याला आम्ही दोघं गेलो. लेक मागं उशांत बसली आणि साडूभाऊंनी इतकी हळू गाडी आणली, की वाटेत ट्रॅक्टरवालेही आम्हाला हात करून पुढं गेले. खामगावची वाट सोडून ते दुसरबीडकडे वळले, तेव्हा मला नवल वाटलं नाही. वळण घेतलं आणि पाहतो तो काकू दारात उभ्या. कोणी कळवलं नव्हतं. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते आमच्यासाठी नव्हतं, आणि मी दुसरीकडं पाहिलं. साडूभाऊंनी गाडी दाराशी उभी केली. इंजिन चालू ठेवून तसेच बसून राहिले, काकूंना वाटेल तेवढा वेळ.

मग सगळं रीतसर झालं. काकूंनी तांदूळ, नारळ, खण काढला आणि शेजारणीला हाक मारायला निघाल्या. "मी कशी भरू माय ओटी? माझं असं." लेक पाटावर पदर पसरून बसली होती. ती म्हणाली, "तुमीच भरा. नाईतर मी उठतच नाई." बापाची लेक. काकूंनी ओटी भरली, थोडे तांदूळ जमिनीवर सांडले. साडूभाऊ बाहेर जाऊन उगाच चाकात हवा आहे का बघू लागले.

निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. काकू रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. गाव मागं पडत चाललं, रस्ता सरळ, मोकळा, तरी साडूभाऊ दुसऱ्याच गिअरमध्ये घुरघुर करत चाललेले. नवं इंजिन, विसरले असतील, म्हणून मी म्हटलं, "साडूभाऊ, तिसरा टाका की आता."

"टाकतो हो," ते आरशात बघत म्हणाले. "थोडसं आयकू द्या ना त्यायले."