सामानापाशी

सकाळी निघून रात्रीच्या जेवणाला घरी परतता येईल अशा, आसपासच्या जेवढ्या म्हणून बघण्यासारख्या जागा होत्या, तेवढ्या सगळ्या आत्यानं केल्या होत्या. तळं, धबधबा, धरणाची भिंत, एक दीपगृह आणि डोंगरावरचा तो कडा, तो तर कितीदा. आता या सगळ्या ठिकाणी तिनं पाहिलं काय, तर गाड्या लावायची जागा.

सुरुवात साधीच झाली. पहिल्या सहलीला भावाच्या जुन्या गाडीच्या डिकीचं कुलूप बिघडलेलं होतं आणि आत्याचा पाय मुरगळलेला. तेव्हा भाऊ म्हणाला, ताई, तू बस सामानापाशी, आम्ही हे गेलो आणि हे आलो. पुढे पाय बरा झाला. जुनी गाडी विकली, नवी आली, तिचं कुलूप तर नुसतं बटण दाबलं की लागायचं. पण तोवर सामानापाशी कुणीतरी बसायचं ही घरची रीतच होऊन गेली होती, आणि कुणीतरी म्हणजे कोण, हे विचारायची कुणाला गरज वाटत नव्हती. भाचा तिला ‘लॉकर’ म्हणायचा. गाडीतून उतरलं की ज्याचा त्याचा स्वेटर, जेवणाचे डबे, चहाचा थर्मास, सतरंजी, चपलांची पिशवी असं सगळं तिच्या भोवती रचलं जायचं. चला, लॉकर बंद, असं म्हणून तो तिच्या डोक्यावर टपली मारायचा. आत्याही हसायची. भावाच्या घरात राहणाऱ्या बिनलग्नाच्या बहिणीला हसण्याचा कंटाळा करून चालत नाही.

हाताला काम होतं तिच्या. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात तिनं उभी हयात काज-बटणं केली, आणि कारखाना सुटल्यावर घरी गठ्ठे आणून तेच. गॅलरी बंद करून काढलेल्या खोलीत खिडकीशी बसून ती काजं घालायची. तिचं काज वर्षभर पोरानं ओढलं तरी उसवत नसे.

आणि आणखी एक गोष्ट तिला फार झकास जमायची. परतीच्या वाटेवर गाडीत सगळे जे काही बोलायचे ते ती कान देऊन ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात उभी राहून शेजारणींना सांगायची. धबधब्याचं पाणी वरून सुटतं तेव्हा पाणी असतं, खाली पोचेपर्यंत नुसता धूर होतो. कड्यावरून बघितलं तर खालची नदी कुणी दोरा टाकून विसरून गेल्यासारखी दिसते. शेजारणी हातातली पिशवी खाली ठेवून ऐकायच्या. खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई तर तिच्या शब्दावर अख्खं घर घेऊन धबधब्याला गेल्या, आणि येऊन म्हणाल्या की तुम्ही सांगितलात तो काही आम्हाला सापडला नाही. भावजयीलाही याचा अभिमान होता. पाहुणे आले की ती म्हणायची, वन्सं, तो कडा सांगा ना यांना. आणि वन्सं सांगायच्या.

मग डोळे बिघडले. आधी सुईत दोरा जाईना. मग दाराच्या चौकटी खांद्याला लागायला लागल्या, आणि समोर ठेवलेला कप ती बाजूला चाचपडायला लागली. भावजय म्हणाली, वय झालं की माणूस वेंधळं होतं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. अंधार कडेकडेनं आत सरकतोय. गेली ती नजर परत येणार नाही, उरली आहे ती थेंब घालून जमेल तेवढी टिकवायची. तेव्हाच तिला मधलं तेवढं गोल दिसत होतं, काजातून बघावं तसं. उन्हात बरं, पण उजेड उतरला की तेही नाही.

त्या दिवसापासून तिनं मनाशी एकच धरलं. कडा बघायचा. तळं नाही, धबधबा नाही, एक कडा. आपण इतक्यांदा सांगितली ती नदी खरंच तशी दिसते का, एवढं एकदा डोळ्यांनी बघून घ्यायचं.

हे ती भाच्याच्या बायकोशी बोलली, कारण ती घरात नवी होती. नवीच असल्यामुळे तिला वाईटही वाटलं. ती म्हणाली, आत्या, या वेळी सामानापाशी मी बसते, तुम्ही वर जा. आत्या त्या रात्री झोपली नाही. सकाळी तिनं चष्मा साबणानं धुतला आणि कधीच्या काळी घेतलेले, पायऱ्यांसाठी म्हणून जपून ठेवलेले बूट घातले.

कड्याखाली गाडी थांबली. सगळं रीतसर तिच्या भोवती रचलं गेलं. तिनं सुनेकडे पाहिलं. सून जवळ येऊन हळूच म्हणाली, “आत्या, मी पटकन एक फोटो काढून येते हं. आत्ता उजेड काय मस्त आहे. मग तुम्ही निवांत जा.”

उजेड मस्त होताच. आत्या सतरंजीवर बसली. वर गेलेली माणसं खाली आली, त्यांच्या मागून गेलेलीही आली. शेजारच्या गाडीतल्या लोकांनी खाऊन, हात धुऊन, गाडी काढलीसुद्धा. ऊन तिच्या गुडघ्यावरून उतरून पायावर आलं आणि पायावरून मातीत गेलं. सून आली नाही.

शेवटी शेंगा विकणाऱ्या बाईला तिनं विनवलं, जरा बघशील का सामानाकडे. बाई म्हणाली, बघते, पण मला आवरायचंय. आत्या निघाली. एक हात कठड्यावर. प्रत्येक पायरी दिसण्यासाठी तिला मान अगदी खाली घालावी लागत होती, आणि मान खाली घातली की उतरणारी माणसं अंगावर यायची. आजी, बाजूनं, बाजूनं, असं म्हणत पोरं तिला घासून जात होती. तशीच ती चढली. शेवटच्या वळणाशी वारा तोंडावर आला. वर पाच-पंचवीस पायऱ्या राहिल्या असतील, तोच वरून घरची माणसं उतरली.

पुढे भावजय होती. तिनं आत्याला पाहिलं आणि पहिला शब्द काढला, “सामान?”

शेंगावालीपाशी, असं आत्यानं सांगितलं. भावाचा चेहरा पडला. भाच्यानं विचारलं, तुला वर यायला कुणी सांगितलं? आत्यानं आपल्या त्या छोट्याशा गोलात सुनेला शोधलं. तिला फक्त खांदा सापडला. सून मोबाईलमध्ये मान घालून फोटो बघत होती, आणि बघतच राहिली.

आत्या म्हणाली, मला कडा बघायचाय. पाच मिनिटं. मग उजेड जाईल.

भाऊ समजुतीनं म्हणाला, अगं ताई, पाहिलायस की तू. आम्हाला नाही सांगता येत इतका छान तू सांगतेस.

“मी नाही पाहिला,” आत्या म्हणाली. “कडा नाही, धबधबा नाही, काहीच नाही. मी सामानापाशी असते.”

भाऊ एक पायरी वर वळलाही होता. पण भावजयीच्या डोक्यात दुसराच उजेड पडला होता.

“म्हणजे वन्सं, इतकी वर्षं तुम्ही लोकांशी खोटं बोलत होतात? माझ्या पाहुण्यांशीसुद्धा?”

भाऊ थांबला. आता तो बहिणीकडे असा बघायला लागला, की जणू घरातली एखादी वस्तू चोरीची निघाली आहे. भाचा म्हणाला, कमाल आहे आत्या तुझी, आम्हाला सगळ्यांना तोंडावर पाडलंस. मास्तरीणबाईंना कळलं तर त्या काय म्हणतील, याचीच चर्चा पायऱ्यांवर उभ्याउभ्या झाली. ती चालू असतानाच सूर्य डोंगराआड गेला. मग भाच्यानं आत्याचा दंड धरला आणि तिला खाली आणलं. सामान जिथल्या तिथे होतं. भावजयीनं तरी प्रत्येक डबा उघडून पाहिला.

गाडीत कुणी आत्याशी बोललं नाही. फसवल्या गेलेल्या माणसांचा जो एक तोरा असतो, तो घेऊन सगळे बसले होते. सून खिडकीशी झोपली होती, किंवा डोळे मिटून होती. बराच वेळ गेल्यावर आत्यानंच सुरुवात केली.

“चुकलं माझं.”

झालं ते झालं, भावजय म्हणाली, पण शेजारी काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

भावाचं मन मुळात मऊ. तो म्हणाला, जाऊ दे, पुढच्या वेळी तळ्यावर जाऊ. तिथे गाडी अगदी पाण्याला लागते, ताईला बसल्या जागेवरून दिसेल. भाचा म्हणाला, बाबा, ते पार्किंग केव्हाच मागे नेलं, झाडांच्या पलीकडे. तिथून कसलं पाणी दिसतंय.

“असू दे,” भाऊ म्हणाला, “सावली तरी आहे.”

“हो, सावली दाट आहे तिथे,” आत्या म्हणाली, आणि गाडीतलं वातावरण एकदम मोकळं झालं. भाच्यानं गाणी लावली.