स्वल्प दुखतंय, अण्णा

नव्वदच्या दशकात नोकरीसाठी पुण्याहून बेंगळुरूला गेलो, तेव्हा रविवार अक्षरशः अंगावर यायचे. वेळ जावा म्हणून तिथल्या शिवाजीनगरजवळच्या मैदानावर पोरांना फुटबॉल शिकवायला लागलो. कॉलेजात खेळलो होतो, तेवढ्या भांडवलावर प्रशिक्षक म्हणून मिरवायचो.

सरावाआधी प्रत्येकाला विचारायचं: झोप झाली का, पाय दुखतात का, थकवा किती? ही पद्धत मी कुठूनशी उचलली होती आणि तिचा मला भारी अभिमान होता. पण या गावात सगळ्यावर एकच उत्तर, ‘स्वल्प’. म्हणजे थोडंसं. थकवा स्वल्प, दुखणं स्वल्प. सायकलवरून आपटून कोपरं सोलून आलेला गोलकीपरही स्वल्पच. खरं सांगितलं तर बाहेर बसावं लागेल, हे पोरं पुरतं ओळखून होती.

एका स्पर्धेच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी आमचा हुकमी फॉरवर्ड, बेळगावकडच्या मराठी घरातला पोरगा, डावा पाय जपून टाकत आला. मोज्याआड काय आहे ते त्यालाच ठाऊक. दुखऱ्या पायानं खेळला तर पाय कामातून जायचा, या धास्तीनं मी त्याला बाजूला घेऊन खोदून खोदून विचारलं.

“स्वल्प दुखतंय, अण्णा,” तो म्हणाला. मग त्यानंच विचारलं, “तुमची झोप झाली काय?”

“स्वल्प.”

“खरं सांगा की.”

आधी रागच आला. पण त्या शहरात मला हे कुणी विचारलंच नव्हतं. बोलून गेलो, की झोपच लागत नाही, घरची फार आठवण येते, नोकरी सोडून परत जावंसं वाटतं.

तो खाली बसला आणि त्यानं मोजा उतरवला. घोटा वांग्यासारखा टरारून सुजला होता, जांभळाही तसाच.

“तुंबा दुखतंय,” तो म्हणाला. तुंबा म्हणजे खूप, एवढं कन्नड मला एव्हाना येत होतं.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या शेजारी बसून घसा बसेपर्यंत ओरडला आणि आम्ही सपाटून हरलो. पुढच्या रविवारी लंगडत सराव बघायला आला. मी तोंड उघडायच्या आत त्यानं विचारलं, “झोप झाली काय, अण्णा?”

“झाली,” मी म्हणालो. त्या आठवड्यात खरंच झाली होती.