गणपूर्ती

देवाची जेवढी काळजी माझ्या मावशीच्या यजमानांनी वाहिली, तेवढी सोलापुरातल्या एकाही पुजाऱ्यानं वाहिली नसेल. पुजारी दुपारी देऊळ बंद करून जरा आडवा तरी होतो. आमच्या काकांना ती सोय नव्हती. देव नाही, हे त्यांना सकाळी दात घासल्यापासून अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत सिद्ध करायचं असे. पदार्थविज्ञानाचे निवृत्त शिक्षक, सडसडीत अंगाचे, खिशाला कायम दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. पेठेत त्यांना सगळे ‘नास्तिक सर’ म्हणत आणि घराचा पत्ता सांगत, ‘मारुतीच्या देवळाला लागून’. याचा त्यांना मनापासून राग येई.

मराठीतून देवाला हद्दपार करण्याची मोहीम त्यांनी एकट्यानं चालवली. ‘अरे देवा’ ओठावर आलं की त्यातला देव ते गिळून टाकत. त्यामुळे ठेच लागली की काका नुसतंच ‘अरे’ म्हणून थांबत आणि शेजारून जाणारा माणूस आपल्यालाच हाक मारली समजून उभा राही. देवगडच्या हापूसला ते ‘कोकणातला आंबा’ म्हणत. एका देवीला मात्र त्यांच्या आयुष्यात जागा होती, ती म्हणजे लहानपणी दंडावर टोचलेली. “ही सरकारी देवी आहे,” बाही वर करून ते सांगत, “हिनं काय केलं ते मी दाखवू शकतो.” त्यावर मावशी आतून म्हणे, “नाव तर देवीचंच हाय की.” मावशीचे सोमवार, देवघर, सिद्धेश्वराचं दर्शन सगळं यथासांग चालू होतं. काका तिला स्कूटरवरून देवळाशी सोडत, बाहेर तिच्या चपला सांभाळत उभे राहत आणि ओळखीचं कुणी दिसलं की न विचारता सांगत, मी इथे फक्त वाहनचालक म्हणून आलोय.

पण त्यांचा जीव गुंतला होता तो नास्तिक मंडळात. मंडळाची खोली एका माग-कारखान्याच्या माडीवर होती. खाली यंत्रमाग खडखडत असत, त्यामुळे ईश्वराचं अस्तित्व खोडून काढताना वक्त्यांचे घसे बसत. तरी लोक जिन्यावर उभे राहून ऐकत म्हणे. पुढे माग बंद पडले, खाली पूजासाहित्याचं दुकान आलं आणि शांतपणे बोलायची सोय झाली तेव्हा ऐकायला कुणी उरलं नाही. अंगात येण्याविरुद्ध घणाघाती बोलणारे एक सभासद कोजागरीला अनवाणी तुळजापूरच्या वाटेवर सापडले. म्हणाले, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. दुसरे एका देवस्थानचे विश्वस्त झाले. म्हणाले, आतून सुधारणा करतो. जे वारले त्यांच्या तेराव्याची आमंत्रणं काकांनाच आली. खंदे उरले ते मंगळवेढ्याकडचे एक निवृत्त कंडक्टर, घरचे बौद्ध. ते काकांना चिडवत, “सर, तुमी देव आत्ता सोडला. आमच्या आज्ज्यानंच सोडलाय. सीनियर आमी हाव की.”

मंडळाची घटना काकांनीच लिहिलेली. वार्षिक सभेला सात सभासद हजर पाहिजेत, म्हणजे गणपूर्ती झाली. सलग तीन वर्षं ती झाली नाही तर मंडळ विसर्जित. दोन वर्षं आम्ही सहाच जमत होतो, त्यातला सहावा मी. माझं देवाबद्दल ठाम मत नाही, काकांबद्दल होतं. तिसऱ्या वर्षी काकांचं जेवणावरचं लक्ष उडालं, तेव्हा मावशीनंच सुचवलं की गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. काका फोनला तोंडी मजकूर सांगत आणि परत वाचून बघत नसत, विज्ञानावर त्यांची तेवढी श्रद्धा होती. फोननं ऐकलं तसं ग्रुपवर पडलं: ‘गणपतीअभावी मागील दोन्ही सभा तहकूब झाल्या. रविवारी सकाळी दहापर्यंत गणपती न झाल्यास मंडळ विसर्जित करावे लागेल. तरी सहकार्य करावे.’

गल्लीनं सहकार्य केलं. रविवारी आम्ही सहाजण दाराकडे डोळे लावून बसलो होतो, तर जिन्यावर टाळ वाजायला लागले. पुढे भजनी मंडळाच्या अध्यक्षबाई, त्यांच्या हातात पाटावर हातभर उंचीचा गणपती, मागे तीसेक माणसं आणि त्यांत चक्क मावशी. “सर, गणपती नाही म्हून मंडळ मोडायलंय, तर एका शब्दानं सांगायचं की,” बाई म्हणाल्या. “परकं का समजलाव आमाला?”

काकांनी सगळ्यांना बसवलं आणि फळ्यावर गणपूर्ती हा शब्द फोड करून समजावला. लोकांनी तो मन लावून ऐकला. मग सातवा माणूस कुठं सही करणार, असं बाईंनी विचारलं. काकांनी सभासदांची वही पुढे केली. पहिल्याच पानावर प्रतिज्ञा होती: मी देव मानत नाही. बाईंनी ती वाचली, गणपतीकडे पाहिलं आणि वही परत केली. “तेवढं सोडून काय बी सांगा, सर.”

तेव्हा मावशी उठली. काकांच्या खिशातलं निळं पेन काढून तिनं वहीत सही केली आणि म्हणाली, “सकाळीच सिद्धेश्वराला सांगून आलेय. तो काय रागवत न्हाय.”

सात झाले. कंडक्टरांनी टाळी वाजवली. काका मात्र त्या सहीकडे बघत राहिले आणि मग वर्गात बोलत तसं सावकाश बोलले, “ही सही धरता येणार नाही. हिचा विश्वास आहे. मी रोज बघतो.” माझ्या सहीवरही त्यांची नजर क्षणभर थांबली; मला फार लाज वाटली. लाल पेनानं काहीतरी लिहून त्यांनी वही मिटली आणि मंडळ विसर्जित झाल्याचं जाहीर केलं. मग गणपती आणलाच आहे तर आरती करून घ्या म्हणाले आणि स्वतः खुर्च्या मागे सरकवून जिन्यात जाऊन उभे राहिले.

आता खोली नाही. परवा काकांच्या घरी गेलो तेव्हा ती वही मला देवघरात दिसली, सिद्धेश्वराच्या तसबिरीला टेकून, मुखपृष्ठावर कुंकवाचं बोट. मी काकांकडे पाहिलं. “घरात तेवढीच जागा रोज पुसली जाते,” ते म्हणाले. मी हात पुढे केला तर मावशीनं टोकलं, हात धुऊन घे आधी. हात धुऊन मी शेवटचं पान उघडलं. मावशीच्या सहीपुढे लाल शाईत होतं: ‘श्रद्धाळू. सही अग्राह्य.’ आणि त्याखाली, निळ्या पेनानं, नंतर कधीतरी लिहिलेलं: ‘मी आभारी आहे.’ हे मावशीनं वाचलंय का, ते मी विचारलं नाही. वही होती तशी देवांशेजारी ठेवली.