कागदी गलास

"ठेव तो गलास. ओंजळ धर."

मालकीणबाई माझ्या लेकीला म्हणाल्या. कोडोलीकडच्या एका गुऱ्हाळावर. शहरातनं पावणं आलतं, गूळ कसा करत्यात ते बघाय. त्यांना कागदी गलासातनं उसाचा रस चालला हुता. पोरगी दुसरीत हाय. तिनं ताटातला एक गलास उचलला, एवढंच. शाळेत समद्यांना सारखंच ताट मिळतंय, हितंबी तसंच आसंल, असं तिला वाटलं.

गुऱ्हाळाची रीत हाय, दारात आलेलं माणूस रस प्याल्याबिगर जाऊ द्यायचं न्हाय. आमच्या वस्तीतल्यांनाबी देत्यात की. पण वरनं. ओंजळीत.

मी आन नवरा चुलवाणावर, म्हंजे रस उकळायच्या काहिलीखालच्या भट्टीवर. दिसभर चिपाडं सारायची, जाळ मोडू द्यायचा न्हाय. पावण्यांचं उष्टं गलास गोळा करून त्याच जाळात टाकायचं कामबी माझंच. म्हंजे जळायला निघालेला कागदसुदिक आमच्या हातानं बाटतोय. ह्या उसातलं तण आमी भांगललं. तोडला आमी. मोळ्या घाण्यापातूर आमीच वाहिल्या. तवा काय बाटलं न्हाय.

पोरीनं गलास ठेवला. आन दोन्ही हात जुळवून फुडं केलं. बोटं घट्ट, थेंब गळू न्हाय अशी. तिला कुणी शिकवलं न्हवतं. माझं बघून शिकली. मग राग आला. पयला माझाच.

मी चिपाडं टाकून उठले. तिचं हात धरून सोडवलं.

"न्हाय प्यायची ती, वैनी."

"मग ऱ्हा तशीच. लई माज आलाय."

नवरा कळवळला, "अगं गप की. काहील उकळाय लागलीया. उद्या कोण बोलवंल आपल्याला?"

मी पोरीला घिऊन निघाले. तोबी आला मागनं, शिव्या देत. दुसरं माणूस येईपातूर जाळ मोडला. त्या दिशी गूळ मऊच राहिला म्हणं.

त्यानं काय झालं? काय न्हाय. मऊ गूळ जनावरांच्या खाद्यात गेला. सकाळी चुलवाणावर दुसरं जोडपं बसलं. नवरा खरं बोललाता, आता आमाला कुठलंच गुऱ्हाळ बोलवत न्हाय. तो माझ्याशी धड बोलत न्हाय.

हे बदलंल असं मला दिसत न्हाय. पोटासाठी परत कुणाच्या तरी चुलवाणावर बसावं लागंल. बसीन. चिपाडं सारीन, उष्टं गलासबी जाळीन. पण गलासात दिला तर रस पिऊ. न्हाय दिला तर मी आन माझी पोरगी तान घिऊन घरला येऊ.

ओंजळ न्हाय.