माहेरचा भोपळा

आक्का गेल्या वर्षी दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी गेल्या. वय अठ्ठ्याहत्तर. त्याआधी दोन दिवस त्या रुग्णालयात होत्या. घरी त्यांनी शेवटचं जे खाल्लं, ती त्यांनी स्वतः केलेली भोपळ्याची वडी होती.

आक्का स्वयंपाक करताना काहीही चाखत नसत. भाजीचं मीठ नाही, आमटीचं आंबट नाही, खिरीचा गोडवा नाही. इंदिरानगरमधल्या आमच्या इमारतीत हे सगळ्यांना माहीत होतं आणि सुरुवातीला सगळ्यांना ते गमतीचं वाटे. समोरच्या पाटीलबाई म्हणत, "आक्का, एक दिवस मिठाऐवजी सोडा पडेल हो." आक्का मान वर न करता म्हणत, "देवाला उष्टं दाखवू का मग?" नैवेद्याचं आधी चाखायचं नाही हा नियम बहुतेक घरांत सणापुरता असतो. आक्कांच्या घरी तो रोजचा होता. त्यांचं मीठ चुकल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं, त्यामुळे हळूहळू गंमत संपली आणि त्याची जागा आदरानं घेतली.

त्यांचे यजमान ओझरच्या विमान कारखान्यात होते. निवृत्तीनंतर लवकरच वारले. मूलबाळ नव्हतं. धाकटी बहीण गेल्यावर तिची मुलगी वैशाली आक्कांनी सांभाळली. ती आता एका शाळेत शिक्षिका आहे आणि लग्न न करता मावशीजवळच राहत होती. दोघी बायकांचं घर. भांडण ऐकू येत नसे. आलंच तर ते वैशालीच्या उशिरा जेवण्यावरून असे.

दसऱ्याची भोपळ्याची वडी हे आक्कांचं वर्षातलं मोठं काम. घट उठायच्या दिवशी सकाळी त्या ओटा धुऊन घेत. लाल भोपळा सोलून किसायचा, कीस तुपावर परतायचा, पाणी आटेपर्यंत हलवायचं, मग साखर आणि खवा. कढईपासून हलायचं नाही. मिश्रण कडा सोडू लागलं की त्या चिमूटभर काढून ताटलीच्या काठावर ठेवत आणि गार झाल्यावर बोटांत गोळी वळून पाहत. गोळी झाली की उतरवायचं, नाही तर अजून चार वेळा हलवायचं. ती गोळी तोंडात जात नसे. ती देवापुढच्या वाटीत जाई. तूप लावलेल्या ताटात मिश्रण ओतून वाटीच्या बुडानं थापलं, वर वेलदोडा आणि जायफळ भुरभुरलं, की मग त्या पहिल्यांदा बसत. दुपारी नैवेद्य, संध्याकाळी आपट्याच्या पानांबरोबर घरोघरी दोन-दोन वड्या. सगळ्यांना वाटून झाल्यावर शेवटची स्वतःला. हा क्रम कधी बदलला नाही.

माझा संबंध सुरुवातीला येई. अख्खा भोपळा बाईमाणसानं फोडायचा नाही, पहिली सुरी पुरुषानं लावायची, अशी त्यांच्याकडची रीत. घरात पुरुष नाही म्हणून दर दसऱ्याला मला हाक येई. मी खालच्या मजल्यावर राहतो. सुरी रोवून भोपळ्याचे दोन भाग केले की माझं काम संपे. आक्का म्हणत, "झालं. आता जा. बघत बसलास तर वडी लाजते." वैशाली एकदा म्हणाली होती की शाळेत मुलींना समानता शिकवायची आणि घरी भोपळ्यासाठी शेजाऱ्याला बोलवायचं. आक्कांनी तिला भोपळा दिला आणि म्हणाल्या, "फोड मग." वैशालीनं सुरी खाली ठेवली. पुढे तो विषय निघाला नाही.

भोपळा बाजारचा चालत नसे. तो दिंडोरीकडच्या त्यांच्या माहेरच्या शेतातून येई. पंचवटीच्या बाजारात ढिगानं मिळतो, मग एसटीनं एवढं ओझं कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. उत्तर वैशालीनं दिलं. वडील गेल्यावर आक्कांनी वडिलोपार्जित जमिनीवरचा आपला हक्क सोडून दिला होता. तहसीलमध्ये जाऊन अंगठा नव्हे, सही केली होती, आणि मोबदल्यात काही मागितलं नव्हतं. त्यानंतरच्या पहिल्या दसऱ्याला धाकटा भाऊ बांधावरचा भोपळा घेऊन आला. तेव्हापासून दरवर्षी. पाटीलबाई त्यावरून चिडवत, की एवढी जमीन सोडली आणि हाती भोपळा आला. आक्का त्यावर रागावत नसत.

"दरसाल येतो ना?" त्या म्हणत. "मग माहेर आहे."

भोपळ्याला त्यांनी कधी नाव ठेवलं नाही. एका वर्षी तो आतून अर्धा सडका निघाला. चांगला भाग काढून त्यांनी तेवढ्याच वड्या केल्या, प्रत्येकाला एकेक वाटली आणि भावाला फोनवर सांगितलं की यंदाचा फार गोड होता. माहेरच्या वस्तूत खोट काढली की येणं थांबतं, असा त्यांचा हिशेब होता. तो त्यांनी गावात इतर बहिणींच्या बाबतीत पाहिला होता.

गेल्या वर्षी भाऊ दसऱ्याच्या आदल्या दिवशी आला. मी तेव्हा तिथेच होतो. पिशवीतून भोपळा काढून त्यानं फरशीवर ठेवला. आकारानं नेहमीपेक्षा लहान, रंग गडद. म्हणाला, "अक्के, यंदा लावलेला वेल पावसानं गेला. हे डांगर आपसूक आलेल्या वेलाचं हाय. बांधाच्या कडंला, कडू भोपळ्याच्या रानात. पण दिसाया लय झ्याक." त्यांच्याकडे लाल भोपळ्याला डांगर म्हणतात. आक्कांनी त्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या की देवीनं स्वतः पाठवलेलं दिसतंय. भाऊ चहा घेऊन गेला.

दसऱ्याच्या सकाळी मी सुरी लावली. गर नेहमीसारखा केशरी होता. वास वेगळा नव्हता. वड्या नेहमीच्या वेळी झाल्या, नैवेद्य झाला, संध्याकाळी आक्का प्रत्येक दारी गेल्या, सोनं दिलं, वडी दिली.

ती वडी तोंडात टाकली की आधी गोड लागे. कडूपणा नंतर घशाशी येई आणि जात नसे. हे त्या संध्याकाळी निदान पाच घरांत कळलं. कुणी बोललं नाही. पाटीलबाईंचा नातू "कडू आहे" म्हणून थुंकायला निघाला, तेव्हा त्यांनी त्याचा दंड धरला आणि प्रसादाला नाव ठेवायचं नाही म्हणून पाण्याबरोबर गिळायला लावली. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी अर्धी खाल्ली आणि उरलेली तुळशीत ठेवली. आमच्या घरी एक खाल्ली गेली, एक कागदात राहिली. रात्रीतून दोघांना उलट्या झाल्या. दोघांनीही दसऱ्याच्या जेवणाला दोष दिला.

आक्कांना ते शेवटची वडी खाल्ल्यावर कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्टीलचा डबा घेऊन पुन्हा प्रत्येक दारी आल्या. पाक बिघडलाय, उरलेल्या परत द्या, एवढंच म्हणाल्या. चेहऱ्यावर काही नव्हतं. पाटीलबाई म्हणाल्या, "अहो, छानच झाल्यात, राहू द्या." आक्का दारात उभ्या राहिल्या. पाटीलबाईंना वड्या आणून द्याव्या लागल्या. मास्तरांनी तुळशीतली अर्धी वडी दिली. तिला मुंग्या लागल्या होत्या. आक्कांनी मुंग्या फुंकून ती डब्यात ठेवली. आमच्या दारात मी म्हणालो की कचऱ्यात टाकून द्या, एवढा त्रास कशाला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कागद उघडून वडी घेतली.

वैशाली शाळेत होती. दुपारी तीनच्या सुमारास ती परत आली, तेव्हा आक्का जमिनीवर बसल्या होत्या आणि डबा रिकामा होता. वैशालीनं विचारलं, वड्या कुठे आहेत.

"खाल्ल्या," आक्का म्हणाल्या. "देवाचं आणि माहेरचं. टाकायचं कुठं?"

संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. आधी साध्या, मग रक्ताच्या. आम्ही त्यांना गाडीत घालून जवळच्या रुग्णालयात नेलं. नाडी हाताला लागत नव्हती. डॉक्टरांनी काय खाल्लं ते विचारलं. वैशालीनं सांगितल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं की भोपळा कडू होता का. वैशालीनं हो म्हटलं. भोपळ्याच्या कुळातल्या फळाला असा कडवटपणा आला तर तो विषारी असतो, शिजवून जात नाही, साखरेनं झाकला तरी जात नाही, आपसूक उगवलेल्या वेलांत कधीकधी तो येतो आणि बाहेरून ओळखता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. एक कच्ची फोड जिभेला लावली असती तरी कळलं असतं. हे शेवटचं वाक्य त्यांनी वैशालीला उद्देशून म्हटलं नव्हतं; ते कागदावर लिहीत होते.

दुसऱ्या दिवशी आक्का थोडा वेळ शुद्धीवर होत्या. डॉक्टरांचं म्हणणं वैशालीनं त्यांना सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट मागितली.

"भाऊला सांगू नको. त्याला वाटेल मी नाव ठेवलं."

वैशालीनं कबूल केलं. भाऊ त्याच दिवशी आला, बहिणीच्या पायाशी बसून राहिला आणि त्याला सांगण्यात आलं की वयोमानानं पोट बिघडलंय. पुढच्या सकाळी आक्का गेल्या.

दहावा पंचवटीत गोदावरीच्या काठी झाला. पिंड ठेवले. कावळे घाटाच्या भिंतीवर होते, खाली उतरत नव्हते. अशा वेळी गेलेल्या माणसाचा जीव कशात अडकला असेल ते ओळखून वचन द्यायचं असतं. वैशालीला सांभाळू, असं मास्तर म्हणाले. देवीला दरवर्षी वडी होईल, असं पाटीलबाई म्हणाल्या. कावळे तसेच. ऊन वाढलं. भटजींनी दर्भाचा कावळा करावा लागेल अशी कुजबुज सुरू केली.

मग भाऊ पुढे आला. त्यानं टोपी काढली.

"अक्के," तो म्हणाला, "डांगर बंद व्हायचं नाय. दरसाल वैशालीला आणून देईन. त्याच वेलाची दोन अजून घरी हायेत. तेराव्याला घेऊन येतो."

एक कावळा उतरला आणि त्यानं पिंडाला चोच लावली. लोकांनी हात जोडले. पाटीलबाई रडू लागल्या. भाऊनं डोळे पुसले आणि सगळ्यांना सांगितलं की बहिणीचं तेवढंच राहिलं होतं. त्यातला एक भोपळा सुनेला देऊ, तिच्या लेकरांना वड्या आवडतात, असंही तो म्हणाला.

वैशाली माझ्या शेजारी उभी होती. माणसं पायऱ्या चढायला लागली तरी ती हलली नाही. मग ती भाऊजवळ गेली. मी दोन पावलं मागे होतो, मला ऐकू आलं.

"मामा, ती डांगरं कापू नका. पोरांना देऊ नका. ती कडू आहेत. मावशी त्यानंच गेली."

भाऊनं टोपी हातात धरली होती. तो नदीकडे पाहत होता.

"तिला कळलं व्हतं?"

"हो."

"आन् समदं खाल्लं?"

वैशालीनं मान हलवली. तो जेवायला थांबला नाही. रिक्षा करून बसस्थानकावर गेला.

संध्याकाळी त्याच्या सुनेचा वैशालीला फोन आला. मामंजी आल्या आल्या दोन्ही डांगरं अंगणात घेऊन बसले, असं तिनं सांगितलं. दोन्ही फोडली. दोन्हींतली एकेक कच्ची फोड तोंडात घातली, चावली आणि थुंकली. मग कुदळ घेऊन बांधावर गेले आणि वेल मुळासकट काढला. कुणाशी बोलले नाहीत. काय झालंय, असं ती विचारत होती.

तेराव्याला तो आला नाही.