दत्तू बसायला घेऊन गेला तो रविवार

आधीच सांगतो, भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवत आलोय. एकलहऱ्याच्या पॉवर हाऊसमध्ये फिटर आहे. जे पाना लावून उघडता येत नाही, त्यावर माझा विश्वास नाही. आणि हेही सांगून टाकतो की मी पिणारा होतो. त्यामुळे पुढचं वाचून "बेवड्याला काय, काहीही दिसतं" असं तुम्ही म्हणणार... म्हणा. मीही तेच म्हटलं असतं.

गेल्या वर्षीच्या थंडीतली गोष्ट. माझी बायको मंगल, आमच्या श्रावणीला घेऊन इगतपुरीला माहेरी निघून गेली होती. भांडण नाही, आरडाओरडा नाही. एवढंच म्हणाली, "तुमच्या चपलांचा आवाज आला की पोरगी पुस्तक मिटून झोपल्याचं सोंग घेते. आधी सोडा, मग न्यायला या." ते फार लागलं मला. पोरगी हातची जाणार, हे त्या दिवशी कळलं.

दारू सोडलेल्या लोकांच्या मीटिंगा भरतात हे ऐकून होतो. गेलो. कॉलेज रोडला सगळे इंग्रजीत रडत होते. पंचवटीत तासभर प्रवचनच झालं. तिसऱ्या ठिकाणी समोर आमच्याच शिफ्टचा माणूस बसलेला... दारातूनच मागे फिरलो. चौथा पत्ता जेल रोडच्या एका हॉलचा होता. रविवारी सकाळी दहाला तिथे पोचलो, तर हॉलला हळदीचा मांडव! "कसली मीटिंग?" म्हणून तिथला माणूस माझ्याकडेच बघायला लागला. खरं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. आपण प्रयत्न केला, नशिबातच नाही, असं म्हणत मी सरळ कोपऱ्यावरच्या बारकडे वळलो.

तिथेच दत्तू उभा होता. दत्तू आमच्याच प्लांटवर क्रेन चालवायचा, बारा वर्षं आम्ही एकत्र पीत होतो. अंगात स्वेटर, कानाला मफलर, आणि नेहमीचंच वाक्य — "काय विल्या, बसायचं का?"

आमच्यात 'बसणं' म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. "बसू की," मी म्हटलं.

"हितं नाय रे, लय गर्दी हाय. ये माझ्यामागं."

दोन गल्ल्या ओलांडून एक पिठाची गिरणी लागली, तिच्या बाजूने वर जाणारा जिना. दत्तू खालीच थांबला. "तू हो पुढं, मी आलोच."

वर बघतो तर शिकवणीची खोली. गोल मांडलेल्या खुर्च्या, दहा-बारा माणसं, चहाची किटली. दारातले एक म्हातारे गृहस्थ — सगळे त्यांना काका म्हणतात — मला म्हणाले, "या, बसा."

फसवलं की दत्त्यानं! हे असलं बसणं! मी तावातावाने वळलोच होतो, तेवढ्यात आतला एक रिक्षावाला बोलताना कानावर पडला. "माझी पोर वासावरनं सांगायची, पप्पा आज किती पिलाय ते..." माझे पाय तिथेच थांबले. मी आत जाऊन बसलो.

मीटिंग संपल्यावर काकांनी विचारलं, "तुमच्याबरोबरचे कुठे राहिले? खिडकीतून दोघांना येताना पाहिलं, म्हणून मी दोन कप भरले होते."

जिन्यात कोणी नव्हतं. मी म्हटलं, त्यानंच तर मला इथला रस्ता दाखवला. काका बघतच राहिले. "अहो, हॉल मिळाला नाही म्हणून आयत्या वेळी या खोलीची किल्ली मागून आणली. आमच्या जुन्या दोघांना अजून सापडली नाही ही जागा. बाहेरच्याला कशी कळेल?"

मी तिथूनच दत्तूला फोन लावला. त्याच्या बायकोने उचलला. "भावजी, हे शुक्रवारपासून दवाखान्यात आहेत हो. लिव्हर गेलंय म्हणतात. काल रात्रीपासून शुद्ध नाही."

धावत गेलो. नळ्या लावलेला, अंग सुजलेला दत्तू कॉटवर पडला होता. त्याला जागचं हलताही येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्याला शुद्ध आली. मी सगळं सांगितलं. तो हसला थोडासा. "मी? आन तिथं? मला तर म्हाईत बी नाय आसं काय आसतं ते." मग म्हणाला, "माणसं बरी हायेत का रे?"

"बरी आहेत."

"मग मला बी ने."

म्हटलं, रविवारी नेतो. शनिवारी तो गेला.

त्या दिवसापासून मी थेंब घेतलेला नाही. ग्रुप पुन्हा हॉलमध्ये भरतो, मी एकही रविवार चुकवत नाही. मंगल आणि श्रावणी घरी परत आल्यात. मला भास झाला असेल म्हणावं, तर काकांनाही दोघं दिसले, त्याचं काय? आणि ती खोली? पुष्कळ डोकं चालवून पाहिलं, काही हाती लागलं नाही.

एक गोष्ट मात्र मीटिंगमध्येही अजून सांगितलेली नाही, इथे पहिल्यांदाच लिहितोय. दत्तू कामावर लागला तेव्हा सुपारीच्या खांडालाही शिवत नव्हता. आम्ही त्याची चेष्टा करायचो. त्याला पहिल्यांदा हाताला धरून बसायला नेलं, ते मी. मला न्यायला दुसरं कोणीही आलं असतं तरी चाललं असतं... तोच का आला, हे मला आजही कळत नाही.